अम्माचं विमान

खुर्ची रंगवायला घेतली तेव्हा माझा हेतू शुद्ध होता, हे आधीच सांगून ठेवतो. लोहाऱ्यात सध्या त्याबद्दल दोन मतं आहेत.

मोबाइलवर एक बाई जुन्या फर्निचरला रंग देऊन नवं करते. मोडकं टेबल घेते, घासते, रंगवते, कडेला सोनेरी रेघ ओढते आणि तीन मिनिटांत ते टेबल राजवाड्यात शोभेल असं होतं. बाईच्या बोटाला रंग लागत नाही, ब्रशचे केस रंगात अडकत नाहीत, आणि तिच्या घराला शेजार नाही. यातली शेवटची गोष्ट मी तेव्हाच ध्यानात घ्यायला हवी होती.

झालं असं, की आमची अम्मा, नागम्मा, न्हाणीत घसरून पडली. खुब्याचं ऑपरेशन सोलापुरात झालं आणि चांगलं झालं. पण घरी आल्यापासून ती आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागली. डॉक्टर म्हणाले, "रोज सकाळी बाहेर उन्हात बसवा. बसल्या तर चालतील. पडूनच राहिल्या तर..." आणि पुढे ते बोललेच नाहीत. डॉक्टरांनी वाक्य अर्धवट सोडू नये असा कायदा हवा. ते उरलेलं अर्धं वाक्य मी कॉलेजच्या ऑफिसात टपाल नोंदवताना, जेवताना, दाढी करताना मनातल्या मनात पुरं करत होतो, आणि दर वेळी ते आधीपेक्षा वाईट होत होतं. माझा स्वभावच काळजीचा. कुकरची शिट्टी उशिरा झाली तरी माझ्या छातीत धडधडतं. इथे तर आईचा प्रश्न होता.

चाकाची खुर्ची आणतो म्हटलं तर अम्मा म्हणाली, "लंगडी बसत्यात त्यात. म्या काय लंगडी हाय?" प्लास्टिकची खुर्ची तिच्याखाली वाकायची. राहिली माळ्यावरची अप्पांची सागवानी खुर्ची. आमचे अप्पा शाळामास्तर होते. निवृत्तीनंतर त्या खुर्चीत बसून ते पेपर वाचायचे. ते गेल्यावर खुर्ची माळ्यावर गेली आणि वाळवीने तिच्या पाठीचा वरचा पट्टा खाल्ला. बाकी अंग धडधाकट होतं. मी ठरवलं, हिलाच रंगवून नवी करायची आणि अम्माला ओट्यावर उन्हात बसवायचं. रंग असा झकास द्यायचा की तिला बसावंसंच वाटलं पाहिजे.

माझा बेत असा होता: खुर्चीला फिकट राखाडी रंग द्यायचा, कडेला सोनेरी रेघ मारायची आणि शेवटी पॉलिश पेपरने कोपरे थोडे खरवडायचे, म्हणजे ती ठेवणीतली, खानदानी दिसते. मी हे महानंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे जुनी खुर्ची नवी करायची, आनि मग जुनी दिसावी म्हनून खरवडायची?"

"हो."

"मग आत्ता काय वाईट हाय ती?"

"तुला कळायचं नाही," मी म्हणालो. जी गोष्ट मलाही कळलेली नसते, तिथे मी हे वाक्य वापरतो.

गल्लीच्या तोंडाशी धोंडप्पांचं हार्डवेअरचं दुकान आहे. धोंडप्पा अम्माच्या वयाचे. गल्लीवर गल्ल्यावरून नजर ठेवतात. राखाडी रंग म्हणताच त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्यांच्याकडे मध मागितला होता.

"राकाडी कुनी लावतं का? भिताडाला न्हाय, दाराला न्हाय, आनि म्हाताऱ्या मान्साला राकाडी? भगवा न्या. मठाच्या कमानीला आनला हुता, त्यातला उरलाय. असला रंग परत मिळायचा न्हाय."

मी दुकानात जातो तेव्हा माझं मत घरी ठेवून जातो, असं महानंदा म्हणते. मी भगव्याचा डबा घेऊन आलो.

पहिला हात दिला आणि समोरून सोयाबीनच्या मळणीयंत्राचा ट्रॅक्टर गेला. सगळा फुफाटा ओल्या रंगावर बसला. खुर्ची खरखरीत, तांबूस आणि जागोजाग भुसकटाची झाली. मी ती घासली. दुसरा हात दिला, त्यावर मांजर बसलं. मांजर नंतर बरेच दिवस भगवं हिंडत होतं आणि एका भाविक बाईने त्याला दूध पाजल्याचं मी पाहिलं. तिसऱ्या हाताला मी खुर्चीवर साडी टाकली, साडी चिकटली. यातल्या प्रत्येक प्रसंगी कुणीतरी ओट्यापाशी थांबून मला काहीतरी सांगत होतं. कुणी म्हणालं टर्पेंटाइन जास्त झालं, कुणी म्हणालं कमी झालं. सास्तूरहून कामाला आलेल्या एका गवंड्याने तर माझ्या हातातून ब्रश काढून घेतला, चार फराटे मारले आणि "असं" म्हणून निघून गेला. ते चार फराटे अजून खुर्चीवर सगळ्यात चांगले आहेत.

मग बजरंग सुतार आला, वाळवीने खाल्लेला पट्टा बदलायला. त्याच्याकडे कुणाच्या तरी देव्हाऱ्याची नक्षीदार कमान पडून होती. मधोमध कळस, दोन्ही बाजूंना मोर. "गिऱ्हाइकानं नेलीच न्हाय, सायेब. पाठीवर बसवतो, झकास दिसंल," तो म्हणाला, आणि मी हो म्हणेपर्यंत त्याने दोन खिळे ठोकले होते. कमान चांगली बसली. मग कमानीला सोनेरी रंग देणं आलं. सोनेरी उरला म्हणून खुर्चीच्या हातांवर बेलाची पानं काढली. पानांचा छाप मी अम्माच्या खुब्याच्या एक्स-रे फिल्ममधून कापला. (पुढे डॉक्टरांनी एक्स-रे मागितला तेव्हा तो उजेडात धरून ते पानांच्या भोकांतून माझ्याकडे बघत राहिले.)

आता ओट्याला तीन पायऱ्या. खुर्चीसकट अम्माला घरातून ओट्यावर आणि ऊन सरकलं की ओट्यावरून अंगणात न्यायचं, तर मी आणि महानंदा, दोघांच्या आवाक्यातलं ते काम नव्हतं. बजरंगने दोन्ही बाजूंना दोन लांब बांबू बांधून दिले.

"चौघं धरा म्हंजे हिंदकळनार न्हाय," तो म्हणाला. मला त्याचं बोलणं फार पटलं.

हे सगळं होत असताना मी खुर्ची सतत वीतभर अंतरावरून बघत होतो. मला दिसत होते ते ओघळ, बुडबुडे, ब्रशचे केस आणि मोराचा निसटलेला डोळा. ती रस्त्यावरून कशी दिसते, हे मी एकदाही बघितलं नाही. समोरच्या मथुराबाई मात्र रोज रस्त्यावरूनच बघत होत्या. एका सकाळी त्या ओट्यापाशी आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या,

"भाऊ, विमान झालं का तयार?"

इतक्या दिवसांत माझ्या कामाला कुणी चांगलं म्हटलं नव्हतं. विमान! मी कौतुकाने फुललो.

"होत आलंय, वहिनी. एक हात राहिलाय."

"आनि अम्माला..."

"परवा बसवायचं म्हणतो. ऊन चढायच्या आत."

मथुराबाईंनी पदर तोंडाला लावला. "डॉक्टरनी तसं सांगितलं व्हय?"

"त्यांनीच तर सांगितलं. उशीर करू नका म्हणाले."

"अम्माला ठावं हाय?"

"छे! सांगितलं तर ती तयार होईल का? चौघांनी धरायचं आणि एकदम उचलून बसवायचं."

मथुराबाई चप्पल न घालताच गेल्या. बाईंना किती लळा आहे अम्माचा, असं मला वाटलं. तो तर्क बरोबर होता; बाकीचे सगळे चुकले.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून माणसं यायला लागली. येत, ओट्यावर टेकत, खुर्चीकडे बघत, सुस्कारा सोडत आणि जात. दुपारी मथुराबाईंकडून भाकरी आणि पिठलं आलं, पलीकडून भात आला, आणखी कुणाकडून आमटी. महानंदाला ते विचित्र वाटलं. मला वाटलं, अम्मा आजारी म्हणून लोक मदत करतायत. मी पिठलं दोनदा मागून घेतलं आणि भांडं परत द्यायला गेलो तेव्हा मथुराबाईंना म्हणालोही, "फार झकास झालं होतं. रोज पाठवलं तरी चालेल." त्यांचे पती महारुद्रराव माझ्याकडे बघून घरात निघून गेले.

संध्याकाळच्या एसटीने माझा धाकटा भाऊ अमरनाथ सोलापूरहून आला. गल्लीतून कुणीतरी त्याला फोन केला होता, हे मला नंतर कळलं. तो बसस्टँडपासून रडतच आला असावा. पायरीवरच बसकण मारून त्याने हंबरडा फोडला, "अम्मा गं!"

आतून आवाज आला, "कोन मेलं रं?"

अमरनाथ ताडकन उठला. तो धावत आत गेला. अम्मा उशीला टेकून उप्पीट खात होती. तो बाहेर आला, माझा दंड धरला, मला ओढत रस्त्यापलीकडे नेलं आणि माझं तोंड आमच्या ओट्याकडे फिरवलं.

"अण्णा, हे काय हाय?"

"खुर्ची," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणता मला ते दिसलं.

आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस गेलं की त्याला आडवं नेत नाहीत. आंघोळ घालून, कपाळाला विभूती लावून, बसवून नेतात. कमानीच्या, सजवलेल्या आसनात बसवतात आणि चौघं ते खांद्यावर घेतात. त्याला विमान म्हणतात. अप्पांना तसंच नेलं होतं, आणि पुढचा एक बांबू माझ्या खांद्यावर होता. तरी मला कळलं नाही. भगवं आसन, सोनेरी कमान, कळस, बेलाची पानं, दोन बाजूंना बांबू. जिवंत आईचं विमान करून मी ते आठवडाभर सगळ्या गल्लीसमोर वाळत घातलं होतं.

लोक काय म्हणतील याची काळजी मला आयुष्यभर आहेच, पण त्या वेळी मला गल्लीचं काही वाटलं नाही. आतल्या खोलीची खिडकी ओट्याकडे उघडते आणि 'जित्या अम्माचं विमान केलंस!' असं ओरडणाऱ्या अमरनाथचा आवाज मोठा आहे. मी आत गेलो तेव्हा उप्पिटाची ताटली बाजूला सारलेली होती.

"घाई झाली व्हय रं, सिद्ध्या?" अम्मा म्हणाली.

मी सगळं सांगितलं. मोबाइलवरची बाई, राखाडी रंग, धोंडप्पा, वाळवी, ऊन, व्हिटॅमिन. माझं बोलणं मलाच खोटं वाटायला लागलं. व्हिटॅमिनपाशी अम्माने हात वर केला. "साकु," ती म्हणाली. तिच्या माहेरच्या कानडीत साकु म्हणजे पुरे. ती लग्न होऊन या घरात आल्यापासून साकु म्हणाली की अप्पासुद्धा गप्प बसायचे. मग ती भिंतीकडे वळली आणि भिंतीलाच म्हणाली, "अमर, मला सोलापूरला घिऊन चल. हितं माजी अडचन झालीया."

माझी आई माझ्या घरातून, मी तिच्या मरणाची तयारी केली असं समजून निघाली होती. मला रडू आलं आणि मी ते मोरीत जाऊन उरकलं.

अमरनाथ ॲम्ब्युलन्सच्या मागे लागला. ती दुसऱ्या दिवशी दुपारी मिळणार होती. सकाळी मी अम्माची पेन्शन काढायला बँकेत गेलो, तर पैसे निघेनात. साहेबांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "कळलं आम्हाला. फार वाईट झालं."

"काय कळलं?"

"आई गेल्याचं. काल गावातले दोघं-तिघं सांगून गेले. आम्ही खातं थांबवलंय. नियम आहे."

"अहो, त्या आहेत! उप्पीट खाल्लं काल."

"असतीलही," साहेब समजुतीने म्हणाले. "पण आमच्याकडे नाहीत. हयातीचा दाखला करावा लागेल. मोबाइलवर होतो आता, घरबसल्या."

मी घरी येऊन मोबाइल अम्मापुढे धरला. तो म्हणाला, पापण्या मिटा. अम्मा माझ्याशी बोलत नव्हती, माझ्या मोबाइलशी कशाला बोलेल? ती टक लावून बघत राहिली. मोबाइल पुन्हा म्हणाला, पापण्या मिटा. मग त्याने लाल अक्षरांत कळवलं की समोर जिवंत व्यक्ती आढळली नाही. महानंदाने अंगठा लावून बघितला. जन्मभर भाकरी थापून अम्माच्या अंगठ्यावरच्या रेषा पुसल्या आहेत. बँकेत फोन केला तर घरी पाठवायला त्यांच्याकडे माणूस नव्हता. "त्यांनाच आणा," साहेब म्हणाले. "आजच आणा. उद्यापासून माझी रजा आहे."

बाजाराचा दिवस होता. बँकेपर्यंतच्या रस्त्यावर कांदे, मिरच्या, बैलांच्या झुली, चपला, सगळं मांडलेलं. रिक्षा शिरणं शक्य नव्हतं आणि रिक्षात अम्माचा खुबा दुमडणंही शक्य नव्हतं. आम्ही दोघं भाऊ, महानंदा आणि बांबूचे दोर आवळायला उगाच आलेला बजरंग, सगळे एकमेकांकडे बघत उभे राहिलो. प्रत्येकाच्या डोक्यात एकच उपाय होता आणि तो उच्चारायची कुणाची छाती नव्हती.

"ते कशाला केलंय मग?" आतून अम्मा म्हणाली. "काडा माजं इरकल."

अम्माने इरकल लुगडं नेसलं. सकाळची पूजा झालेली, त्यामुळे कपाळभर विभूती होतीच. ती पुसायला सांगणार कोण? महारुद्ररावांना बांबूच्या चौथ्या टोकाला बोलावलं. ते घाबरतच आले. आम्ही अम्माला उचलून विमानात... खुर्चीत बसवलं, बांबू खांद्यावर घेतले आणि निघालो.

गल्ली संपेपर्यंत काही झालं नाही. बाजारात शिरलो आणि आवाज बंद झाला. भाव करणारे गप्प झाले. माणसं बाजूला सरून वाट देऊ लागली. कुणी टोपी काढली, कुणी चपला. मिरच्यावाल्या बाईने हात जोडले. मागून दोघं-तिघं आमच्या मागे चालू लागले, मग दहा-बारा झाले, मग एकाने शंभो महादेव म्हटलं आणि सगळ्यांनी ते उचललं. मी मान वर करून सांगायचा प्रयत्न करत होतो, पण बांबूखाली मान वर होत नाही. त्यात माझा तळवा बांबूला चिकटत होता. बघितलं तर हात भगवा. रंग आतून ओलाच होता.

धोंडप्पा दुकानातल्या देवाच्या फोटोचा हार घेऊन धावत आले. डोळे भरलेले. त्यांनी हार अम्माच्या गळ्यात घातला आणि पाया पडायला वाकले.

"धोंड्या," अम्मा म्हणाली, "हार शिळा हाय."

धोंडप्पा खालीच बसले. मागच्या लोकांतला एकजण ओरडत पळाला. अम्मा आता चांगली ताठ झाली. पडून राहिल्यापासून तिला एवढं ताठ मी बघितलं नव्हतं. ती मिरच्यावालीला म्हणाली, "हात कशाला जोडतीस? मापात मारतीस ते सोड." टोपी काढलेल्या एकाला तिने वडिलांचं नाव विचारलं. लोक हसायला लागले, आणि तरी मागे चालतच राहिले. आता तर जास्तच.

बँकेत शिरलो तेव्हा शिपायाने टोपी काढली, रांग मोडली, आणि साहेब काचेमागून उठून उभे राहिले.

"अहो, हे काय केलंत?" ते मला दबक्या आवाजात म्हणाले. "मृत्यूचा दाखला आणला असता तरी चाललं असतं. इथे आणायची काय गरज होती?"

"अंगटा कुटं करू?" अम्मा म्हणाली.

साहेब आधी पाणी प्यायले. मग त्यांनी मोबाइल धरला. पापण्या मिटा, मोबाइल म्हणाला. अम्माने साहेबांना सावकाश एक डोळा मिचकावला, मग दोन्ही. हिरवी खूण आली. बँकेत टाळ्या वाजल्या.

परत येताना ती म्हणाली, सरळ घरी नको, मठावरनं घ्या. मग म्हणाली, शाळेवरनं घ्या. आमचे खांदे सुजले. ओट्यावर खुर्ची ठेवली तेव्हा तिथे ऊन होतं. ती बसून राहिली, आणि आम्ही चौघं पायऱ्यांवर धापा टाकत बसलो. ॲम्ब्युलन्स गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. अमरनाथने विचारलं, "अम्मा, निघायचं?"

"तू जा," अम्मा म्हणाली. "लेकराबाळांचा हायेस."

मग मला जवळ बोलावलं. मी खुर्चीच्या पायाशी बसलो.

"लई लोक आले रं, सिद्ध्या."

"हो, अम्मा."

"खऱ्या येळंला मला कुटं दिसनार हुतं? आज दिसलं. तुजं तोंड बी बगितलं वरनं. किती घाबरला हुतास." तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. तळव्याचा भगवा माझ्या केसांना लागला. "यातनंच न्यायचं मला, ध्येनात ठिव. दुसरं करायचं न्हाय."

मी खुर्चीच्या पायावरचा रंगाचा ओघळ नखाने खरवडत बसलो.

"पन घाई न्हाय," ती हात बघत म्हणाली. "रंग अजून वला हाय."

आता ती रोज सकाळी तिथे बसते, आणि वॉकर धरून न्हाणीपर्यंत जाते. मी धोंडप्पांकडून भगव्याचा डबा नेहमी आणून ठेवतो. रंग वाळत आला, बोटाला लागेनासा झाला, की मी आणखी एक हात देतो.